डॉ. मेश्रामांचं नाक

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्याच्या दवाखान्यात मी काही वर्षं रोज बसत होते आणि त्यामुळे धायरीतल्या निम्म्या लोकांचा मी श्वानप्रेमी वगैरे असल्याचा समज झाला आहे. तसं काही नाही. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांच्याशिवाय कशाच्या मागे लागले नाही. कुणाच्या घरी कुत्रा असेल तर आधी फोन करून त्याला बांधायला सांगत असे आणि मगच घरातून निघत असे.

निवृत्तीनंतर शहरातली भाड्याची जागा सोडून मी धायरीला राहायला आले. पहिल्या मजल्यावर मी आणि बरोबर माझ्या खाली, तळमजल्यावरच्या गाळ्यात, डॉ. मेश्राम यांचा जनावरांचा दवाखाना. जागा दाखवताना एजंटाने ही गोष्ट शिताफीने टाळली होती. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार करायला खाली गेले. जिन्यात जे प्रकार होत होते त्याबद्दल ती तक्रार होती आणि मी ती मनातल्या मनात दोनदा सुधारून नेली होती.

आत गेले तर टेबलामागची खुर्ची रिकामी. डॉक्टर फरशीवर मांडी घालून बसलेले, समोर एक भलंमोठं तपकिरी कुत्रं आणि डॉक्टरांचं नाक त्या कुत्र्याच्या कानात. कानाजवळ नव्हे, कानात. डोळे मिटलेले. कुत्र्याची मालकीण बाकड्याच्या कडेवर अवघडून बसली होती. डॉक्टरांनी एक कान हुंगला, मग दुसरा, मग पुढचे दोन्ही पंजे बोटं फाकवून हुंगले आणि म्हणाले, "वास येऊन राहिला."

"कसला?" मी दारातूनच विचारलं. मला विचारायचा काही अधिकार नव्हता, पण अर्धवट वाक्य मला सोसत नाही.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "ते सांगता नाही येत, ताई. पण येऊन राहिला."

"'येतोय' म्हणतात," मी म्हणाले.

"तुमच्या पुण्यात येतो आणि जातो," ते म्हणाले. "आमच्या यवतमाळात येऊन राहतो."

माझी तक्रार तशीच राहून गेली.

डॉ. मेश्राम उंच, काळेसावळे, पन्नाशीच्या आतबाहेरचे. बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्यावर कुठल्या ना कुठल्या जनावराचे केस. चप्पल दाराबाहेर. उंच टेबल होतं, पण त्यावर कुत्र्याला उभं करणं त्यांना पसंत नव्हतं. "आपल्याला कोणी माळ्यावर चढवून, काय होते सांग, असं विचारलं तर आपण सांगू का?" असं म्हणत. कुत्र्यांची नावं त्यांच्या पक्की लक्षात राहत, माणसांची नाही. महापालिकेतले एक मोठे अधिकारी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'चिंटूचे वडील' राहिले. त्या गृहस्थांना ते आवडत असावं, कारण पुढे ते फोनवर स्वतःच तसं सांगू लागले.

फोन मी कसा घ्यायला लागले तेही सांगते. त्यांची मदतनीस लग्न होऊन गेली आणि खालचा फोन दिवसभर माझ्या पायाखाली वाजू लागला. डॉक्टर जमिनीवर बसलेले, हात औषधात बरबटलेले, ते काही उठत नसत. एक दिवस असह्य होऊन मी खाली जाऊन फोन उचलला. मग उचलत राहिले.

त्या गाळ्यात बसेपर्यंत, कुत्र्यांना इतकी खाज सुटते हे मला ठाऊक नव्हतं. साध्या तापाखोकल्याला लोक आपल्या जवळचा डॉक्टर गाठत, पण खाजणारं कुत्रं घेऊन पार खडकीहून आणि लोणी काळभोरहून माणसं मेश्रामांकडे येत. त्यांची पद्धत ठरलेली. आधी पिसवा आणि गोचिडी. मग ब्लेडने कातडी हलकेच खरवडून, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खरजेचा किडा आहे का ते पाहणं. हे सगळं नाही असं ठरलं की मग ते विचारत, "मोसमात खाजवतो की बाराही महिने?" बाराही महिने म्हटलं की पाय, कान आणि बूड पाहत. कुत्रा पंजे चाटून चाटून लालभडक करत असेल, कान बरे होऊन पुन्हा पुन्हा चिघळत असतील आणि बूड फरशीला घासत असेल, तर संशय जेवणावर.

हिंजवडीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं आपला लॅब्रॅडॉर घेऊन आलं होतं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आम्ही सगळे ब्रँड ट्राय केले. लास्टवाला तर इम्पोर्टेड आहे." डॉक्टरांनी सगळी रिकामी पाकिटं आणायला सांगितली आणि ती माझ्यापुढे ठेवली. "ताई, तुम्ही बारीक अक्षरवाल्या. वाचा." मी वाचलं. नावं वेगळी, चित्रं वेगळी, पण प्रत्येकात कोंबडी होती. ज्यावर मोठ्या अक्षरात मेंढीचं मांस छापलं होतं त्यातही, तळाशी, कोंबडीची चरबी.

"पिशवी बदलली," डॉक्टर म्हणाले. "कोंबडी तीच आहे."

"पण चिकन तर तो पपी असल्यापासून खातोय," मुलगी म्हणाली. "ॲलर्जी असती तर तेव्हाच नसती का आली?"

"अनोळखी माणसाशी कोणाचं भांडण होते का? रोज घरात असते त्याच्याशीच होते."

"ब्लड टेस्टमध्ये कळेल ना?"

"रिपोर्ट येईल. उत्तर नाही येणार."

उत्तराचा रस्ता त्यांच्या मते एकच होता. कुत्र्याने जन्मात खाल्लं नसेल असं एक मांस किंवा मासा आणि असाच एखादा कंद किंवा धान्य घ्यायचं, शिजवायचं, आणि दोन महिने तेवढंच द्यायचं. दुसरं काही म्हणजे काही नाही. आणि इथेच सगळं फिसकटत असे. कुणी चहातलं बिस्किट द्यायचं, कुणी जंताची गोळी द्यायचं जिला मुद्दाम मांसाची चव लावलेली असते. सदाशिव पेठेतल्या एक बाई तर डोळे मोठे करून म्हणाल्या, "अहो, काही दिलं नाही मी त्याला. फक्त प्रसादाचा पेढा दिला. प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का?"

त्या गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, काहीच मिसळायचं नाही, कशालाच शिवायचं नाही, भांडं वेगळं, ओटा वेगळा, याला तुमच्याकडे एक शब्द आहे ना?"

"सोवळं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोच शब्द धरला. "दोन महिने कुत्र्याचं सोवळं पाळायचं." पेठेतल्या माणसांना आता पुढे काही समजावून सांगावं लागेना. त्या पेढेवाल्या बाईंनी तर कुत्र्याचं पातेलं घासायला वेगळी घासणी आणली. मला गंमत वाटली, मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "आमच्या आजोबांना याच शब्दानं विहिरीवरून परत पाठवलं होतं. चला, कोणाच्या तरी कामी आला." आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता.

मग ते आजारपण आलं, ज्यात साऱ्या जगाने तोंडं झाकून घेतली. डॉक्टरही त्यातून गेले. वाचले, हिंडूफिरू लागले आणि एका सकाळी पुन्हा दवाखाना उघडला. पहिलंच कुत्रं कानाचं होतं. डॉक्टर खाली बसले, मास्क काढला, नाक कानात घातलं आणि तसेच थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ. मग दुसरा कान. मग पुन्हा पहिला. उठून आतल्या मोरीत गेले आणि तिथून मला म्हणाले, "ताई, आज फिनाईलनं पुसून नाही घेतलं का?"

फरशी नुकतीच पुसली होती. माझे डोळे चुरचुरत होते. तेव्हा मला कळलं.

वास परत येईल, वाट पाहा, असं त्यांना सगळे सांगत होते. तो आला नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून अत्तरापर्यंत सगळं हुंगून झालं. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, शिक्षण होतं, एवढ्या वर्षांचा अनुभव होता. पण नाक हीच त्यांची पहिली नजर होती आणि ती गेली होती. एरवी गप्पिष्ट नसलेला हा माणूस आणखी गप्प झाला. एकदा म्हणाले, "अक्षर न दिसणारा मुद्रितशोधक असेल तर त्याला ठेवतात का हो कामावर?" ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी जे विचारलं ते ऐकून मला आधी वाटलं, थट्टा आहे. "ताई, तुम्ही हुंगाल का?"

मी स्पष्ट नाही म्हणाले. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय आहे, हे मान्य, पण ती अलंकारिक अर्थाने. संध्याकाळी लांब कानांचं एक छोटं कुत्रं आलं. ते कान झटकून झटकून केविलवाणं रडत होतं आणि डॉक्टर त्याच्यापुढे नुसते बसून होते. मी पदर खोचला आणि गुडघे टेकले.

"कसला येतो?" त्यांनी विचारलं. एके काळी हाच प्रश्न मी त्यांना विचारला होता आणि त्यांना सांगता आलं नव्हतं. मला सांगता येणार होतं. तेवढंच तर मी आयुष्यभर केलं आहे.

"कुबट," मी म्हणाले. "पावसाळाभर कपाटाच्या तळाशी राहिलेल्या चादरीसारखा."

"खवट नाही?"

"नाही. खवट म्हणजे जुनं तेल. हे ओलं आहे."

त्यांनी डोळे मिटले. "ओलं. हो. कुबट." त्यांना तो वास आठवत होता, फक्त त्याचं नाव त्यांना कधी लागलं नव्हतं. त्यांनी कानातला मळ काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावून दाखवलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधे चिमटलेले असंख्य ठिपके. "बुरशी. कुबट म्हणजे बुरशी."

असं आम्ही त्यांचं नाक पुन्हा उभं केलं. माझ्या प्रत्येक शब्दाची ते काचेवर खातरजमा करत. खवट म्हणजे तेलकट होऊन बिघडलेली कातडी. नासकं पण गोडूस म्हणजे पू करणारे जंतू, त्यातले वाईट. आंबूस म्हटलं की ते मला पुन्हा हुंगायला लावत, कारण आंबूस मी जरा सैलपणे वापरते असं त्यांचं मत झालं होतं आणि ते बरोबर होतं. माझ्या शब्दांकडे इतकं बारकाईने छापखान्यातही कधी कुणी पाहिलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला, आपल्या कामात नावाजलेला माणूस स्वतःचं गेलेलं इंद्रिय दुसऱ्याच्या शब्दांतून अक्षर-अक्षर गिरवत परत मिळवतो आहे, आणि त्यात त्याला कसलाही कमीपणा वाटत नाही, हे मी रोज बघत होते. मला त्यांच्याबद्दल वाटत होतं ते कौतुक नव्हतं, आदरही नव्हता. मी दिपून गेले होते.

नाक गेल्यावर ते विचारायलाही शिकले. कुत्रा काय खातो असं थेट विचारत नसत. "सकाळी दूध आलं. मग?" असं सुरू करत आणि माणूस सांगत जाई तसं नुसतं "मग?" म्हणत पुढे नेत, थेट रात्रीच्या कडीकुलुपापर्यंत. त्या 'मग'मधून बिस्किटं निघत, पोळ्या निघत, शेजारणीने गॅलरीतून टाकलेली हाडं निघत.

कदम आले ते त्या काळात. खडकीच्या कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांचं नोकरीतलं आयुष्य गेलं होतं. निवृत्त, मूलबाळ नाही, बायको वारून वर्षही झालं नव्हतं. बरोबर बाळू नावाचा लॅब्रॅडॉर. त्याच्या वासापायी रिक्षावाले घेत नसत म्हणून ओळखीच्या एकाची मिनतवारी करून त्याच्या गाडीतून आले होते. पोटावरचे केस गेलेले, काखेतलं कातडं जुन्या चपलेसारखं काळं आणि जाड, पंजे सोलवटलेले. आत आला तोच पंजा चाटत बसला.

कदम उभेच राहिले. म्हणाले, "उपचार नकोत, डॉक्टर. सगळे झाले. आधी इंजेक्शनांनी बरं वाटायचं, आता ती पण लागू पडत नाहीत आणि जास्त दिली तर आतून खराब होईल म्हणतात. सोसायटीवाले म्हणतात रोग पसरेल, बाहेर काढा. त्यांचं सोडा. पण हा झोपत नाही. मला बघवत नाही. तुम्ही ह्याला ते शेवटचं इंजेक्शन देऊन टाका."

डॉक्टर बाळूजवळ बसले होते. बराच वेळ त्याचं कातडं बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "देईन. नाही म्हणत नाही. पण मला दोन महिने द्या. त्यानंतरही तुम्ही म्हणाल तर मी स्वतः घरी येऊन देईन. हा माझा शब्द."

कदमांनी मान हलवली. मला त्या शब्दाची भीती वाटली. डॉक्टर शब्द मोडत नसत.

बाळूने आजवर कोंबडी, अंडी, मटण, भात, दूध-पोळी सगळं खाल्लं होतं. मासा नव्हता खाल्ला, कारण कदमांच्या बायकोला घरात मासळीचा वास चालत नसे. म्हणून उकडलेला बांगडा, काटे काढून, आणि रताळी. बाकी सोवळं. कानात बुरशी निघाली होती, तिला औषध. कदमांनी ते सोवळं असं पाळलं की पेठेतल्यांनी धडे घ्यावेत. नवं पातेलं आणलं, स्वयंपाकघराला कडी घातली, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं.

कान सुधारले. बूड घासणं कमी झालं. पण पंजे तसेच आणि खाजही तशीच. दिलेली मुदत सरत चालली. डॉक्टरांनी कदमांना तीनदा समोर बसवून बाळूच्या खाण्याचा अख्खा दिवस 'मग? मग?' करत पिंजून काढला. कदमांचं उत्तर प्रत्येक वेळी शब्दशः तेच असे. त्यात एक तीळ सापडला नाही. मी डॉक्टरांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. जेवण नसेलच तर? हवेतलं काही असेल तर? औषधांच्या कपाटात एक कप्पा ते एरवी उघडत नसत. एका दुपारी तो उघडून आतल्या बाटलीवरची तारीख बघताना मला दिसले.

मुदत भरत आली तेव्हा कदम आले. "डॉक्टर, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, एकदा पंजे."

आजवर कान हुंगले होते. बाळूच्या अंगाला बांगड्याचा असा दर्प होता की त्याच्या पंजाशी जायचं माझं धाडस झालं नव्हतं. मी जन्माची शाकाहारी. पण त्या दिवशी नाही म्हणायची सोय नव्हती. मी पंजा हातात घेतला, बोटं फाकवली आणि श्वास घेतला. आधी बांगडा. मग ओली कुबट बुरशी. आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी, ओळखीचं, रोजचं.

"दूध," मी म्हणाले. "दूध नाही, साय. सायीचं पातेलं घासायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी येतो तो." नखांच्या खाचांत पिवळं दिसत होतं. "आणि हळद."

डॉक्टर अगदी हळू बोलले. "कदम, पायाला काय लावता?"

"हळद आणि साय. खाज आहे ना. थंड वाटतं त्याला."

"मी तर विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही खायचं विचारलंत. हे खायचं नाहीये, लावायचं आहे," कदम म्हणाले आणि थांबले. बाळू खाली पंजा चाटत होता.

कदम भिंतीला टेकले. "सुमन लावायची. रोज दिवा लागला की त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची. ती गेल्यावर मी लावतो. एक दिवस चुकवला नाही. म्हणजे तिनेच ह्याला..."

डॉक्टरांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "हळद होती म्हणून पाय इतके तरी राहिले याचे. नाहीतर कधीच सडले असते. आणि साय नको हे तिला सांगणार कोण होतं? आम्हा डॉक्टरांनाच नाही समजलं. काय खातो, काय खातो, एवढंच विचारून राहिलो मी. काय लावता ते एकदाही नाही विचारलं. चूक विचारणाऱ्याची आहे, कदम. लावणाऱ्याची नाही."

डॉक्टर पुढे म्हणाले, "आणि हे बंद नाही करायचं. दिवा लागला की पाय मांडीवर घ्यायचे, कोमट पाण्यानं पुसायचे, कोरडे करायचे, दाबून द्यायचे. त्याला हात पाहिजे. साय नाही पाहिजे."

"आणि तुमचा शब्द?"

"त्याची मुदत आजपासून नव्याने मोजा."

साय बंद झाली आणि बाळू झोपू लागला. पोटावर आधी लव आली, मग केस. काखेतलं काळं कातडं सोलून खालचं गुलाबी दिसू लागलं. कदमांच्या चेहऱ्यावरही काहीतरी उगवत होतं. सगळं गोड झालं असं मला वाटत होतं, तोच डॉक्टर म्हणाले, "आता याला दूध द्या."

कदम ताडकन उठले. "डॉक्टर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. दूध, अंडं, कोंबडी, गहू, सगळ्यांवर संशय होता आपला. आपण सगळ्यांनाच बंद केलं. आता हा बरा कशानं झाला, ते ठाऊक आहे का तुम्हाला? याला काय जन्मभर बांगडा खाऊ घालता? आणि समजा, साय नव्हतीच, दुसरंच काही होतं. तर परत खाजवेल, आणि तुम्ही परत माझ्याकडे तेच मागायला याल. मला ते परत ऐकायचं नाही."

शेवटी कदमांनी माझ्या घरून वाटीभर दूध आणलं आणि स्वतःच्या हाताने बाळूपुढे ठेवलं. बाळूने ते क्षणात संपवलं आणि वाटी फरशीभर ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी फोन मीच घेतला. कदम ओरडत होते, "खाजवतोय, चाटतोय, झालं समाधान?" मी डॉक्टरांना निरोप सांगितला. ते फरशीवर बसून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, "सापडलं, ताई. आता पक्कं सापडलं."

तो भडका शमल्यावर एक-एक पदार्थ परत सुरू झाला. गव्हाने काही झालं नाही. कोंबडीने, अंड्याने झालं नाही. बाळूला पोळी मिळाली. अपराधी एकटं दूध निघालं. कदम पुढे कित्येक दिवस डॉक्टरांशी घुश्शात होते आणि तरी दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून येत होते. मी या प्रसंगाचा अजूनही विचार करते. बरं झालेलं जनावर पुन्हा दुखावण्याचा धीर मला झाला नसता. मी 'बरं झालं ना, मग पुरे' म्हणून फाईल मिटली असती. नुसत्या आनंदावर विश्वास न ठेवता खरं काय ते शोधत जाणारा माणूस मी माझ्या आयुष्यात एवढाच पाहिला.

आमची इमारत आता पाडून नवी होणार आहे. करार झाले, तारखा ठरल्या, ज्याने त्याने भाड्याची घरं शोधली. डॉक्टरांनी दुसरा गाळा शोधला नाही. आईचं वय झालं आहे, तिकडे यवतमाळच्या बाजूला गुरं आहेत, शेळ्या आहेत, डॉक्टर मात्र नाही, म्हणाले. मी अडवलं नाही. तिकडे तुमच्यासाठी हुंगणार कोण, असं विचारलं. "शब्द घेऊन चाललो ना," ते म्हणाले. "कोणीतरी सापडेल नाकवालं."

शेवटच्या दिवशी गाळा रिकामा होता. टेबल गेलं होतं, सूक्ष्मदर्शक गाद्यांमध्ये गुंडाळून टेम्पोत ठेवला होता. तेवढ्यात कदम आले, बाळूला घेऊन, आणि येताना साध्या रिक्षाने आले. डॉक्टर नेहमीच्या जागी फरशीवर बसले. बाळू जाऊन त्यांच्या पुढ्यात बसला आणि त्याने आपण होऊन पंजा पुढे केला. केसांनी भरलेला, कोरडा, धडधाकट पंजा. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला, बोटं फाकवली, नाक टेकवलं आणि डोळे मिटले.

"ताई, कसला येतो?"

मी खाली बसले आणि वाकले. कुबट नाही, खवट नाही, गोडूस नाही. सवयीने पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

"कुत्र्याचा," मी म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काही नाही. नुसता कुत्र्याचा."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा वर केला नाही. कदम खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाहेर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. डॉक्टर उठले नाहीत. ज्याचा त्यांना काहीही वास येत नव्हता त्या पंजावर नाक ठेवून ते तसेच बसून राहिले.